आधी भिंतीले हात

लहानू ड्रेसरला ही गोष्ट सांगायला लावायची म्हणजे आधी शिव्या खायची तयारी पाहिजे. "किती डाव सांगू बे? तमाशा हाय काय?" असं म्हणून तो चहाचा कप आपटतो, उठतो, चार पावलं जातो, परत येऊन बसतो आणि सांगतो. माजरीच्या कॉलनीत हे सगळ्यांना माहीत आहे. सांगून झालं की हेच सगळे एकमेकांकडं बघून मिशीत हसतात, हे त्यालाही माहीत आहे. त्याचा राग गोष्ट सांगण्यावर नाहीच. आपल्या शब्दाला आता कोणी विचारत नाही, यावर आहे.

कारण एक काळ असा होता की लहानूच्या शब्दावर माणसं जगत होती. भुयारी खाणीत सुरुंगाचा बार उडाला, धूर खाली बसला की सगळ्यांच्या आधी आत जातो तो ड्रेसर. हातात लांब लोखंडी सब्बल. डावा तळहात दगडाला टेकवायचा आणि उजव्या हातानं सब्बल ठोकायची. चांगला दगड टण्ण बोलतो. आतून सुटलेला दगड ढब्ब बोलतो, आणि कानाला कळायच्या आधी तळहाताला बारीक मुंग्या येतात. लहानूनं मान हलवली की पंचवीस-तीस माणसं आत जायची. त्यानं सब्बल भिंतीवर पटापट वाजवली की तीच माणसं हातातलं टाकून पळायची. काऊन, कशाले, कोणी विचारत नसे. एकतीस वर्षं असं चाललं. शाळेत चौथी नापास, पण दगडाच्या परीक्षेत एकदाही नाही.

मग रिटायर झाला. आणि घरातला पंखा आवाज करून राह्यला म्हटलं, तरी कोणी वर बघेना.

लेक पुनम आरमोरीला दिलेली. जावई विनोदचं तिथं फर्निचरचं दुकान. माणूस वाईट नाही, पण हातात कायम मोबाईल, आणि जिल्ह्यातली झाडं, धबधबे, देवळं दाखवायचे व्हिडिओ काढायचा नाद. गेल्या चैत्रात लहानू आणि त्याची बायको सोनीबाई आठ दिवस लेकीकडं राहायला गेले. रविवारी विनोदनं नवी गाडी काढली. जंगलात नदीकाठी बुद्धाचं जुनं लेणं आहे, दीड-दोन हजार वर्षांचं, अजून फारसं कोणी पाहिलं नाही, ते बघायचं. सोनीबाईनं पांढरी साडी नेसली, मेणबत्त्या आणि फुलं घेतली. पुनमनं भाकरी, वांग्याची भाजी, आंब्याचं लोणचं बांधून घेतलं. लहानूला मागच्या सीटवर डब्यांच्या शेजारी जागा मिळाली.

"जवाईबापू, डाव्या हाताले घ्या," फाटा आल्यावर लहानू म्हणाला. "नदी तिकडं हाय."

"मामाजी, मोबाईल उजवीकडं दाखवून राह्यला."

अर्धा तास गाडी धानाच्या रिकाम्या बांध्यांतून धूळ खात फिरली. शेवटी मोहफुलं वेचणाऱ्या एका बाईनं परत मागं पाठवलं आणि गाडी डावीकडं वळली.  लहानू खिडकीबाहेर थुंकला तेवढं.

गोटाटोला नावाचं वीस घरांचं गाव. अंगणाअंगणात मोहफुलं वाळत घातलेली, त्यांचा गोड आंबूस वास गाडीच्या आत येऊन बसला. रस्ता तिथं संपला. लेण्याची देखरेख करणारा इतवारी नावाचा गोंड म्हातारा खांद्यावर दुपट्टा टाकून पुढं झाला. वय लहानूएवढंच, सत्तरीचं. पाय अनवाणी.

"थे मांडीदेव होय आमचा," चालता चालता तो म्हणाला. "तुमी बुद्ध म्हणता. मांडी घालून बसला हाय नं, म्हून आमी मांडीदेव म्हणतो. भांडन नाई."

"भांडन कायले," सोनीबाई म्हणाली. "बसला हाय तोच होय."

नदी उतरलेली. पांढरी वाळू, मधे मधे हिरव्या पाण्याचे डोह. पलीकडं जंगल, आणि त्यात एकही पान हलत नव्हतं. बारा वाजत आले होते. सावली पायाखाली गोळा झालेली. इतक्या उन्हातही पाखरं बोलतात कुठंतरी, पण तिथं नदीकाठाला आल्यावर ती थांबली. लहानूला ते जाणवलं. खाणीत उंदीर गप्प झाले की असंच जाणवायचं. पण ते बोलून दाखवायची सवय आता त्यानं सोडली होती.

काठाला लागूनच वाळूच्या दगडाचा डोंगर, आणि त्याच्या पोटात लेणं. पुढं चार खांब. आत काळोख. तोंडाशी सरकारी निळी पाटी, तिचा रंग उडालेला.

सोनीबाई चपला काढून आत पाय टाकणार, तोच इतवारीनं हात आडवा केला.

"थांबा बाई. आधी भिंतीले हात. मंग देवाले."

"काऊन जी?"

"काऊन थे मले नाई मालूम. बाप करे, आज्या करे. पंजा पुरा टेकवाचा. असा. मनात एक-दोन-तीन म्हणाचं. मंग पाय आत."

सोनीबाईनं हात लावला. पुनमनं लावला. विनोदनं हात लावताना स्वतःचाच व्हिडिओ काढला. लहानू मात्र बघत उभा राहिला. इतवारीचा पंजा दगडावर कसा पडला होता, ते तो बघत होता. बोटं फाकलेली, तळवा घट्ट, मान थोडी कलती, कान दगडाकडं. देवाला हात लावणारा माणूस असा लावत नाही. असा हात लहानूनं एकतीस वर्षं लावला होता.

"हा रिवाज देवाचा नाई बा," तो पुटपुटला. "हा तं कामाचा होय."

त्याचं कोणी ऐकलं नाही. सगळे आत गेले होते.

आत गारवा. वटवाघळांचा उग्र वास, त्यात जुन्या मेणाचा वास. मोठं दालन, समोर भिंतीतून कोरून काढलेला बुद्ध, नाक झिजलेलं, ओठ शाबूत. सोनीबाईनं मेणबत्ती लावली आणि ती आणि पुनम वंदना म्हणू लागल्या. त्यांचा आवाज छताला लागून हळू परत येत होता. आणि त्याच्या खालून नदीचा आवाज येत होता. बाहेर तर नदी जवळजवळ उभी होती, तिला आवाजच नव्हता. आत ती वाहत होती.

लहानूनं पण हात जोडले. मग त्याचं लक्ष भिंतींकडं गेलं. छिन्नीचे घाव. एकाखाली एक, तिरपे, एका मापाचे. त्यानं त्यावरून बोट फिरवलं.

"ज्यानं कापलं तो कामाचा मानूस होता," तो इतवारीला म्हणाला. "घाई नाई केली कुठीच."

मग त्याच्यानं राहवेना. डावा तळहात भिंतीला टेकवला आणि हातातल्या काठीची लोखंडी टोपी दगडावर वाजवली. टण्ण. दोन पावलं सरकून परत. टण्ण. बरं वाटलं. किती वर्षांनी कोणीतरी सरळ उत्तर देत होतं.

दालनाच्या उजव्या बाजूला एक खोली अर्धीच कोरलेली होती. माणूसभर आत गेली होती आणि तिथंच काम सोडलेलं. मागच्या दगडावर घाव तसेच, जणू कारागीर पाणी प्यायला गेला आहे.

"हे काऊन सोडलं?"

"कोन जाने," इतवारी म्हणाला. तो खोलीच्या तोंडाशीच थांबला. "तिथी आमी नाई जात."

लहानू गेला. काळोखात डोळे सरावेपर्यंत थांबला. मग हात टेकवला आणि ठोकलं. एकदाच.

दगड टण्ण बोलला. आणि थोडं थांबून, त्याच्या तळहाताखाली, आतून, एक ठोका आला.

लहानू घाबरला नाही, हे तो आजही छाती ठोकून सांगतो. त्याला आधी वाटलं, आवाज फिरून आला. पण आवाज फिरून आला तर कानाला येतो, हाताला नाही. त्यानं दोनदा ठोकलं. आतून दोन आले. त्यानं तीनदा ठोकलं, आणि मुद्दाम तिसरा ठोका अंमळ उशिरा दिला. आतून तीन आले. तिसरा तसाच उशिरा.

"इतवारीभाऊ," तो हळूच म्हणाला. "याच्या मांगं काय हाय?"

"डोंगर."

"पोकळी नाई? दुसरी खोली? पलीकडून कोनी येते?"

"डोंगर हाय, भाऊ. पुरा डोंगर." इतवारीचा आवाज खाली आला. "तुमाले... वाजलं काय?"

लहानूनं मान हलवली.

"मले नाई वाजत," इतवारी म्हणाला. "माह्या बापाले वाजे. थो कोनाले सांगे नाई. पन ज्या दिवशी वाजे, त्या दिवशी थो कोनालेच आत जाऊ नाई दे..."

पुढचं लहानूनं नीट ऐकलं नाही. कारण आतला ठोका सरकला होता. आता तो त्याच्या हाताखाली नव्हता. डावीकडं तीन हात, तिथून आला. एक. मग थांबला, वाट बघत.

खाणीत जोडीनं काम करताना हेच करायचे. एक ठोकतो, दुसरा पुढं सरकून ठोकतो, पहिला तिथं जाऊन हात लावतो. तू बघ, मग मी बघतो. लहानू डावीकडं सरकला. तिथं हात टेकवला, ठोकलं. टण्ण. चांगलं आहे. आतून एक ठोका, जसं कोणी 'हो' म्हणावं. मग परत पुढं.

असं करत तो खोलीतून बाहेर आला, दालनाच्या भिंतीला लागला. भीती सोडाच, त्याला मजा वाटत होती. तिकडं कोण आहे, किती वर्षांचा आहे, कोणत्या भाषेत बोलतो, काही माहीत नाही. पण काम येतं त्याला. आणि लहानूला काम येतं, हे त्याला कळलं आहे. घरात, गाडीत, कोणाला कळलं नाही, ते या दगडातल्याला तीन ठोक्यांत कळलं.

बाहेर ऊन म्हणून सोनीबाईनं दालनाच्या मधोमध चादर अंथरली होती. पुनम डबे उघडत होती. विनोदनं मोबाईल भिंतीच्या कडेच्या दगडी ओट्याला टेकवून उभा केला होता, चालू करून, आणि चादरीवर बसून तो त्याच्याकडं बघत बोलत होता. "तर मित्रहो, आपण आता या प्राचीन वास्तूमध्ये जेवण करणार आहोत..."

"बाबा, या नं जेवाले," पुनम म्हणाली. "काय भिंती ठोकून राह्यले?"

"आलो."

आतला ठोका चादरीच्या सरळ रेषेत येऊन थांबला. यावेळी तो खालून नाही आला. भिंतीत वर, छत जिथं भिंतीला मिळतं तिथून आला. लहानूनं हात वर केला, टाचा उचलून पंजा टेकवला आणि काठी उलटी धरून वर ठोकली.

ढब्ब.

तळहाताला मुंग्या आल्या. दहा वर्षांनी आल्या, पण विसरल्या नव्हत्या. त्यानं वर पाहिलं. छत साफ. चीर नाही, ओल नाही, वाळूचा कण गळत नाही. कोणीही म्हटलं असतं, दोन हजार वर्षं उभं आहे, आणखी दोन हजार राहील.

मग त्याच्या पंज्याखाली पटापट ठोके आले. एकामागं एक, दम न घेता, भिंतभर. सब्बल भिंतीवर वाजवावी तसे.

"भाएर!" लहानू ओरडला. "सोडा सारं! भाएर निघा!"

वटवाघळं एकदम सुटली. विनोद हसला. खरंच हसला, तोंडात घास असताना.

"मामाजी, हे खान नाई. दोन हजार वर्सं झाली याले."

"बाबा, असं काऊन करता..." पुनम म्हणाली.

सोनीबाईनं मात्र फक्त नवऱ्याच्या तोंडाकडं पाहिलं. ती कधी खाणीत उतरली नव्हती. एकतीस वर्षं तो संध्याकाळी घरी येऊन सांगायचा, आज असं झालं, आज सगळे पळाले, आणि ती भाकरी थापता थापता हूं म्हणायची. हे तोंड तिनं पहिल्यांदा पाहिलं. हातातला चमचा तसाच, ती उठली, पुनमच्या दंडाला धरलं आणि ओढत चालू लागली. काही विचारलं नाही. इतवारी तर केव्हाच बाहेर होता.

विनोद बसलेलाच. "एक मिनिट, व्हिडिओ चालू हाय..."

लहानूनं काठी टाकली. दोन्ही हातांनी जावयाची कॉलर धरली आणि खेचलं. सत्तरीच्या म्हाताऱ्याच्या अंगात एवढं बळ कुठून आलं कोण जाणे. विनोद गुडघ्यावर घसटत, शिव्या देत, उन्हात येऊन पडला. पॅन्ट फाटली.

बाहेर सगळे मोहाच्या झाडाखाली उभे राहिले. लेण्याचं काळं तोंड समोर. सगळे वाट बघू लागले.

काही झालं नाही.

आणखी थोडा वेळ गेला. वारा नाही. विनोदनं गुडघ्याची माती झाडली. पुनम खाली बघत होती. गावातली दोन-तीन माणसं आवाज ऐकून आली होती, ती पण बघत उभी. लहानूच्या कपाळावरून घाम डोळ्यात उतरला. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या मनात आलं, आपलं चुकलं. आपण म्हातारे झालो. हाताच्या नसा गेल्या, त्यालाच आपण मुंग्या म्हणून राह्यलो.

"झालं समाधान?" विनोद म्हणाला. "लोकाईसमोर कॉलर धरली माही. लेकीच्या नवऱ्याची. म्हातारपणी डोक्यावर परिनाम होते मानसाच्या, मी पुनमले म्हणून राह्यलो होतो कधीचा." आणि तो मोबाईल आणायला निघाला.

लहानू दारात जाऊन उभा राहिला.

"सरका, मामाजी."

"नाई."

"सरका म्हणतो!"

"माह्यावर पाय देऊन जा. तसा नाई जाऊ देत."

विनोदनं त्याला ढकललं. छातीवर हात ठेवून, सरळ. लहानू पाठीवर पडला, खांबाच्या पायाशी. सोनीबाई ओरडली. विनोदनं पाय उचलला, आणि तो पाय हवेतच राहिला.

आवाज मोठा झालाच नाही. कोणी धान्याचं पोतं खांद्यावरून खाली टाकावं, तेवढाच. धप्प. मग आतून थंड वारा आला, आणि त्याच्यामागं धूळ.

धूळ बसायला बराच वेळ लागला. बसली तेव्हा दिसलं की दालनाच्या मधोमध बैलगाडीएवढी शिळा पडली आहे. चादर दिसत नव्हती. एक डबा तेवढा शिळेच्या कडेला चपटा होऊन बाहेर डोकावत होता. बुद्धाला खरचटलं नव्हतं. मेणबत्ती अजून जळत होती.

विनोद मटकन खाली बसला. 

इथं कोणालाही वाटेल की जावयानं सासऱ्याचे पाय धरले असतील. लहानूलाही वाटलं होतं. पण संध्याकाळी सरकारी जीप आली, एक साहेब उतरला, आणि त्यानं विचारलं, हे कसं झालं? नवी गाडी, दुकान, नाव, जुन्या वास्तूचं नुकसान, पोलीस... विनोदच्या डोक्यात काय काय फिरलं, ते त्यालाच माहीत. तो म्हणाला, "मामाजी काठीनं ठोकत होते छताले. मी नाई म्हणून राह्यलो होतो."

साहेब लहानूकडं वळला. "ठोकलं तुम्ही?"

"ठोकलं."

"छताला?"

"हो. पन साहेब, थे ढब्ब बोललं म्हून तं आमी..."

"ठोकलं, एवढंच सांगा."

साहेबानं लिहून घेतलं. आठ दिवसांत लेण्याच्या तोंडाला लोखंडी जाळी बसली, कुलूप लागलं. पहारेकरी आला. शिळा उचलायला मशीन जंगलात जात नाही, म्हणून ती पडली तशीच आहे. माजरीच्या पत्त्यावर कागद आला. कॉलनीतल्या शिकलेल्या पोरानं वाचून दाखवला. लहानूनं त्या वास्तूच्या आसपास जाऊ नये, चौकशी चालू आहे.

मोबाईल इतवारीनं त्याच दिवशी, साहेब यायच्या आधी, ओट्यावरून काढून आणला होता. काच फुटलेली, बॅटरी संपलेली. विनोदनं चंद्रपूरला नेऊन काच बदलून आणली. व्हिडिओ आत शाबूत होता. त्यानं तो रात्री नाही, भर दिवसा, दुकानात बसून पाहिला. मग दुकान बंद केलं आणि घरी येऊन खाट अंगणात टाकली. तेव्हापासून तो छताखाली झोपत नाही. पावसाळ्यातही ओसरीच्या पुढं ताडपत्री बांधून झोपला.

त्यानं कोणाला दाखवला नाही. पण पुनम त्याचीच बायको. विनोद दुपारी झोपलेला असताना तिनं तो व्हिडिओ पाहिला, आणि फोन करून बापाला सांगितलं. हळू आवाजात, मधे मधे थांबत.

"बाबा... आपन सारे निघाल्यावर पन चालू होता थो. तुमची काठी दिसते खाली पडलेली. हालत नाई. आन् ठोके... ठोके चालूच हायेत."

"पटापट?"

"नाई. हळू होत होत बंद झाले. मंग कोनाचा तरी श्वास येते, बाबा. जोराचा. जसं पोतं पाठीवर घेतल्यावर मानूस घेते नं... तसा. दिसत कोनी नाई. मी तीन डाव पाह्यलं. नुसती चादर दिसते आन् डबे. आन् थो श्वास. वाढत जाते, वाढत जाते... भाएर तुमचं आन् याईचं भांडन ऐकू येते, तोवर चालूच. मंग याईनं तुमाले ढकललं, आई ओरडली... आन् थो श्वास एकदम सुटला. मंग शिळा पडली."

लहानू फोन कानाला धरून बसला. त्याला समजलं. खाणीत छत बोलू लागलं आणि शेवटचा माणूस आतच राहिला तर, दुसरा कोणीतरी खांदा लावायचा. दगडाला खांदा पुरत नाही. चार श्वास पुरतो. तेवढ्यात पळायचं. दगडातल्यानं तसाच खांदा लावला होता.

"इतकंच?" त्यानं विचारलं.

पुनमचा आवाज आणखी खाली आला.

"पडल्यावर पन चालू हाय व्हिडिओ. नुसती धूळ. काही दिसत नाई. मंग... बाबा, मंग पुन्हा ठोके येतात. शिळेच्या खालून. हळूहळू. एक... मंग थांबते. मंग एक... मोबाईल बंद पडला तवापर्यंत येत होते."

खाणीत एक नेम होता, कुठं लिहिलेला नाही. दगडाखालून ठोका आला की बाहेरच्यानं एक ठोका परत द्यायचाच. हातात काही नसलं, काढता येणार नाही हे पक्कं कळलं असलं, तरी द्यायचा. ऐकलं, एवढंच सांगण्यासाठी. नाही दिला तर खालचा वाजवतच राहतो.

दुसऱ्या दिवशी लहानू कोणाला न सांगता बस धरून गोटाटोल्याला गेला. पहारेकऱ्याकडं त्याचं नाव लिहिलेला कागद होता. जाळीपर्यंतही जाऊ दिलं नाही. "एकच ठोका मारतो, बापू. गजालेच मारतो, दगडाले नाई," लहानूनं हात जोडले. आयुष्यात त्यानं कोणा माणसापुढं हात जोडले नव्हते. पहारेकरी म्हणाला, "आजोबा, आधी ठोकलं तवा काय झालं थे पाह्यलं नं?"

मग इतवारी त्याच्यासाठी डोंगराच्या कडेनं गेला. आतून नाही, बाहेरून, दालनाच्या मागच्या अंगाला, जिथं कधी ऊन पडत नाही तिथं त्यानं पंजा टेकवला. बराच वेळ उभा राहिला. परत आला तेव्हा तो हात दुपट्ट्यात गुंडाळून धरला होता.

"मले वाजलं नाई, भाऊ," तो म्हणाला. "मले वाजतच नाई. पन..."

"पन काय?"

"दगड गरम हाय. अंगासारखा."

त्याला आता सहा महिने झाले. लहानूनं विनोदला दोनदा निरोप पाठवला, एकदा सोनीबाई स्वतः जाऊन आली. ढकललं ते राहू दे. कागदावर नाव लागलं तेही राहू दे. तो व्हिडिओ घेऊन साहेबापुढं जायचं आणि म्हणायचं, सासऱ्यानं नाही पाडलं, मी खोटं बोललो, माह्यं चुकलं. एवढं एक वाक्य. कुलूप निघेल, आणि लहानू आत जाऊन शिळेखालच्याला ठोका परत देईल. सोनीबाईला विनोदनं चहा पाजला, हो हो म्हणाला, आणि बस स्टँडवर सोडून आला.

म्हणून लहानू कप आपटतो. गोष्ट ऐकायला सगळे येतात, पण माफी कोणाकडं राहिली ते विचारत नाहीत. तर ऐका, तो कॉलनीच्या चौकात उभा राहून मोठ्यानं सांगतो, आरमोरीपर्यंत जावं एवढ्या मोठ्यानं: विनोद. माह्या पुनमचा नवरा, फर्निचरवाला विनोद.